चिचटोल्यात ‘साडेचारचा चहा’

रात्री सव्वाबारा वाजता पडदा पडला आणि कोणी उठलं नाही.

सत्यशीला रंगारी डाव्या विंगेत, पडद्याचे दोर बांधायच्या बल्लीला टेकून उभी होती. पडद्याच्या खालच्या बांबूनं फळ्यांवर आपटून धप्प केलं, मागे जनरेटरची घरघर चालूच राहिली, आणि ज्या आवाजाची ती तीन आठवडे वाट पाहत होती तो आवाज आलाच नाही. शिट्टी नाही, ओरडा नाही, ढेकूळ येऊन पडलं नाही. टाळीही नाही. तिनं पडद्याच्या फटीला डोळा लावला. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत तणस पसरून, त्यावर चादरी टाकून दहा गावं बसली होती. पुढच्या रांगेतल्या बायांनी पाय पोटाशी घेतले होते, शेंगा फोडायच्या थांबवल्या होत्या आणि त्या पडद्याकडे बघत होत्या. घरात गेलेलं माणूस पाणी घेऊन आत्ता बाहेर येईल, तसं त्यांचं बघणं होतं. त्यांच्या लेखी नाटक संपलंच नव्हतं. पडदा पडला म्हणजे अंक संपला, एवढंच.

हे असं होणार हे सत्यशीलेला ठाऊक होतं. चिचटोल्यात, आणि चिचटोल्यातच काय, वैनगंगेच्या दोन्ही काठांच्या झाडीपट्टीत, पटाच्या दिवशी नाटक लागतं ते जेवणं आटोपल्यावर सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. दिवसा बैलांच्या शर्यती पाहायला माणसं बैलबंड्या जुपून येतात, मावशीकडे, व्याह्याकडे जेवतात आणि रात्री नाटकाला बसतात. मध्येच उठून जावं तर घर जवळ नसतं, वाटेवर रान असतं आणि रानात अस्वल असतं. म्हणून नाटक रात्रभर पुरावं लागतं. त्यात गाणी असतात, वन्समोअर असतो, एक विनोदी जोडी असते, तलवारीची मारामारी असते, आणि एवढं करूनही कोंबडं आरवायच्या आधी संपायला आलं तर विनोदी जोडीला पुन्हा आत ढकलतात. हे इथं कोणी कोणाला सांगत नाही. सूर्य कुठून उगवतो हे जसं सांगत नाहीत तसं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात नागपूरहून आणलेली नटी आजारी पडली आणि मंडळानं नाटक मध्यरात्रीच आटोपलं. लोकांनी खुर्च्या मोडून शेकोट्या केल्या, पडदा पांघरून घेतला, आणि मंडळाच्या अध्यक्षाला सकाळपर्यंत स्टेजवर उभं करून गाणं म्हणायला लावलं. त्याला गाणं येत नव्हतं. तो प्रसंग आठवून अजून पंचक्रोशी हसते. सत्यशीलेनं तो ऐकला तेव्हा ती हसली नव्हती. तिनं तो नीट ठेवून दिला होता.

तसं पाहिलं तर तिनं काहीच केलं नव्हतं. दोन माणसांनी तिला एकच प्रश्न विचारला आणि तिनं दोघांना एकच उत्तर दिलं. पहिले अच्युत विद्वांस. नागपूर आणि वरोरा करून त्यांची पुण्याची मंडळी चंद्रपुरात आली, तेव्हा ती शाळा सुटल्यावर त्यांच्या लॉजवर गेली. विद्वांस बनियनवर बसले होते, पाय गरम पाण्याच्या बादलीत, पाण्यात मीठ. पासष्टीचे असावेत. घोटे सुजलेले, नखं स्वच्छ. तिला पाहून घाईघाईनं पंचा खांद्यावर घेत म्हणाले, “माफ करा हं, ताई. बसा. पाय साथ देत नाहीत आता.” त्यांनी तिला ओळखलं नाही. ती आपलं नाव सांगून थांबली, मुद्दाम थांबली, नावाला खाली उतरायला वेळ दिला. नाव कुठंच पोचलं नाही. मग तिनं चिचटोल्याच्या मंडळाचं आमंत्रण सांगितलं. पाच हजार माणूस असतं म्हणाली. त्यांचे डोळे चमकले आणि लगेच विझले. “पाच हजार! पण ताई, नाटक फार पुणेरी आहे हो. काही घडत नाही त्यात. माणसं चहा पितात. अमेरिकेतल्या मराठी मंडळानं बोलावलं तेव्हासुद्धा मला एवढी धाकधूक नव्हती. तिकडं गेले तरी ते आपल्याच पेठांमधले. इथं चालेल?” ती म्हणाली, “चालेल.” “एखाददुसरं गाणं घालू का? आमचा एक मुलगा बरा गातो.” “नको,” ती म्हणाली, “जसंच्या तसं करा. लोकांना कमी लेखू नका.” हे शेवटचं वाक्य तिला येतायेता बसमध्ये सुचलं होतं आणि तिनं ते या क्षणासाठी राखलं होतं. विद्वांस खरोखर लाजले.

दुसरा मुखरू. चिचटोल्याच्या मंडळाचा यंदाचा अध्यक्ष. तो तर शाळेतच आला होता, मधल्या सुट्टीत, पायातल्या चपला वर्गाबाहेर काढून. “बाई, हे पुन्याचं नाटक आपल्या पब्लिकले चालन का जी? पेपरात तं लय तारीफ आली. पन मारामारी नाई म्हन्तेत.” “चालेल,” ती म्हणाली. “तुमी म्हन्ता तं चालनच,” मुखरू म्हणाला आणि चपला घालून गेला. किती वेळाचं आहे हे त्यानं विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नसतं.

बारा वर्षं. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात तिच्या भावानं, खुशालनं लिहिलेलं नाटक घेऊन चिचटोल्याची माणसं पुण्याला गेली होती. हौशी मंडळांची स्पर्धा होती. खुशालनं नाटक आपल्या बोलीत लिहिलं होतं, कारण दुसऱ्या कुठल्या बोलीत त्याला ती बाई बोलताना ऐकूच येत नव्हती. बोडीत बुडालेल्या मुलाची आई. धानाच्या रोवण्यावरून घरी आलेली, हात चिखलाचे, मुलाला ओट्यावर निजवलेलं, आणि तिला पटतच नाही. ती त्याच्या अंगावरचं पाणी पुसते आणि म्हणते, “ऊठ नं रे बाबू. पेज थंडी होऊन राह्यली.” चिचटोल्यात या वाक्यावर बाया तोंडात पदर कोंबायच्या. पुण्यात तिसऱ्या रांगेतून एक बारीक खुसखूस आली. आईचं काम करणाऱ्या सत्यशीलेला वाटलं, आपलं लुगडं सुटलं की काय. तिनं बोलता बोलता कमरेला हात लावून पाहिला. लुगडं जागेवर होतं. पुढचं वाक्य बोलली तर हसू दोन रांगा मागं गेलं. मग तिला कळलं, ती जे बोलत होती त्यालाच हसत होते. तिकडच्या नाटकांत असं बोलणारा एकच असतो, घरचा गडी, आणि तो आला की हसायचं असतं. ते दुष्ट नव्हते. पत्नी-मुलांना घेऊन आलेली, स्वेटर घातलेली माणसं होती, आणि सवयीनं हसत होती. ती थांबली असती तर कदाचित ते थांबले असते. पण ती थांबली नाही. ती रडत गेली, आणि जितकी रडली तितकं हसू वाढलं, शेवटी एक बाई हसता हसता “अगं आई गं” म्हणाली ते तिला स्पष्ट ऐकू आलं. ती बाई तिला चेहऱ्यानं ठाऊक नाही. पण तिचा आवाज बारा वर्षं सत्यशीलेकडे राहायला आहे.

बक्षीस समारंभात तिला व्यासपीठावर बोलावलं. विनोदी भूमिकेसाठी उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र. परीक्षक अच्युत विद्वांस. त्यांनी ते स्वतःच्या हातानं दिलं आणि वाकून, मायेनं म्हणाले, “टायमिंग काय आहे हो तुमचं!” सगळं आठवताना तिला नेहमी हे वाक्य नाही, तर त्यानंतरचं स्वतःचं वाक्य सहन होत नाही. ती म्हणाली होती, “धन्यवाद.” तिनं नीट, स्वच्छ, त्यांच्या मराठीत धन्यवाद म्हटलं होतं. गावी आल्यावर तिच्या वडिलांनी, सोमाजींनी, ते चौकटीत बसवून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. ते वाचू शकत होते. त्यांनी वाचलं होतं. “बक्षीस ते बक्षीस,” ते म्हणाले. खुशालनं पुन्हा नाटक लिहिलं नाही, गडचिरोलीला कचेरीत लागला, आणि कधी विषय निघाला तर म्हणतो, “जाऊ दे नं बाई, त्यायले का समजते.” त्याची ही क्षमा सत्यशीलेला विद्वांसांच्या मायेइतकीच असह्य होते. क्षमा करायला आधी कोणी मागावी तरी लागते. तिनं रंग लावणं सोडलं आणि आणखी एक गोष्ट सोडली, जी कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. तिनं ‘मले’ म्हणणं सोडलं. आधी शाळेत, मग बाजारात, मग घरात. मला, तुला, त्याला. काऊन नाही, का. तिची आई वारायच्या आधीच्या उन्हाळ्यात एकदा म्हणाली होती, “तू पाहुनीवानी बोल्तं आता माह्यासंग.” वर्गात मुली कशालाही हसल्या, मागच्या बाकावर कोणाची शिसपेन्सिल पडली म्हणून हसल्या, तरी तिच्या मानेवर गरम पाण्याचा हबका यावा तसं होतं आणि तिचा हात आपोआप कमरेकडे जातो. लुगडं सुटलं का पाहायला. ती आता साडी नेसते, पिना लावते, तरी.

म्हणून तिला विद्वांस मरायला नको होते, आजारी पडायला नको होते. तिला ते फक्त एका ठिकाणी उभे हवे होते. उजेडात, रंग लावून, आपलं सगळ्यात चांगलं काम करताना, आणि समोर पाच हजार माणसं हसताना. त्यांना एकदा आपल्या कमरेला हात लावून पाहावं लागावं. एवढंच. त्यांची मंडळी आज दुपारी आली तेव्हा तिनंच त्यांना उतरायला पटासाठी उभारलेली झोपडी दाखवली, गरम पाण्याची सोय केली, मिठासकट. नाटकात सुनेचं काम करणाऱ्या पोरीला थंडी वाजत होती, तिला आपली शाल दिली. सगळं स्वस्थपणे केलं. कापायच्या बकऱ्याला पाला घालणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं: काही चालत नाही. हात चालतात.

आणि मग पडदा उघडला आणि तिचं गणित चुकायला लागलं. ‘साडेचारचा चहा’ हे नाटक असं आहे. पेन्शनर सासरा, त्याची बायको आणि सून. मुलगा नाटकात येतच नाही, त्याचा फक्त उल्लेख येतो. दोन अंकांत ही माणसं चहा पितात आणि फाटकाच्या कडीबद्दल बोलतात. कडी नीट लागत नाही. मुलानं दुसरं घर केलंय आणि सुनेनं आता निघून जावं असं सासू-सासऱ्यांना वाटतं, हे कोणी उच्चारत नाही. कडीबद्दल बोलता बोलता ते कळत जातं. शेवटी सून बॅग घेऊन दारात उभी राहते, सासरा विचारतो, “साखर एकच ना?” आणि पडदा पडतो. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी या पडद्यावर रकाने लिहिले होते. सत्यशीलेनं मनाशी धरलं होतं की पहिल्याच प्रवेशाला, कडीबद्दलचं दुसरं वाक्य झालं की कोणीतरी ओरडेल, “अबे, कडी बदलून टाक नं!” आणि मग रान पेटेल. तसा एक आवाज आलाही. लोक हसलेही. पण ते हसू तिथंच बसलं. त्यामागून दुसरं आलं नाही. जवळच्यांनी ओरडणाऱ्यालाच गप्प केलं. बाळं रडत होती, बिड्या पेटत होत्या, मागे कोणाचा बैल हंबरत होता, पण या सगळ्याच्या खाली एक लक्ष होतं. सत्यशीलेनं ते पायांच्या तळव्यांत ओळखलं, कारण एकेकाळी ती त्या लक्षावर उभी राहिली होती. फळ्या वेगळ्या लागतात तेव्हा. दुसऱ्या अंकात सून पुन्हा एकदा सगळ्यांना कप देऊन आपल्या जागी रिकाम्या हातानं उभी राहिली, आणि पहिल्या रांगेतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, मोठा, निवडायला बसलेल्या बाईनं अंगणातून हाक द्यावी तसा:

“अवो, तिले बी द्या नं जी चा!”

कोणी हसलं नाही. सासरा झालेल्या विद्वांसांचा कप ओठाशी एक क्षण अडला. पोरगी मान खाली घालून उभी होती. तिचे खांदे हलले. सत्यशीलेला विंगेत कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ही मनकर्णाबाई. हिच्या ओट्यावर ती लहानपणी पेज प्यायली होती. ही बाई आज पुण्याच्या पोरीसाठी चहा मागत होती, जिची अर्धी वाक्यं तिला कळली नसणार, जी ‘इश्श’ म्हणते आणि जिच्या ‘ळ’ला वेगळीच धार आहे. त्यांनी हसायला हवं होतं. त्यांचा हक्क होता. तिला आपल्या माणसांचा राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना काय अधिकार होता इतकं चांगलं असायचा, तिच्या वतीनं?

आता पडदा पडून पाच-सात मिनिटं झाली होती आणि मुखरू मागच्या शिडीनं वर आला. गळ्यात मफलर, छातीवर अध्यक्षाचा बिल्ला.

“बाई, पुढचा अंक सुरू करा म्हना जी त्यायले. भल्ली थंडी सुटली. पब्लिक तयार हाये.”

“दोनच अंक होते, मुखरू.”

“हो नं, ते झाले. आता तिसरा?”

“तिसरा नाही.”

“मंग गाना-गिना?”

“गाणं नाही. संपलं.”

मुखरू हसला. “मजाक नोका करू जी. आत्ताशी तं लोकायचे बूड गरम झाले.” तिचा चेहरा पाहून तो थांबला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “संपलं म्हंजे? दहा गावचे लोक हायेत. लेकरं हायेत. आता या अंधारात बंड्या जुपाच्या का? नदी उतराची का?” मुखरूला कळायला थोडा वेळ लागला, पण कळल्यावर त्यानं आवाज चढवला नाही. उलट खाली आणला.

“तुमाले मालूम होतं.”

“तू विचारलंस, चालेल का. मी म्हणाले, चालेल. चाललं ना? बघ, कोणी उठलं नाही.”

“बाई, पुन्याले मी बी होतो.”

ती विसरली नव्हती. पण तिनं त्याला कधी हिशेबात धरलं नव्हतं. ओट्यावर निजवलेला मुलगा मुखरूच होता. तेव्हा मिसरूड फुटायचं होतं त्याला.

“मी तं मेलो होतो,” मुखरू म्हणाला. “डोये मिटून होतो. पन कान तं उघडे होते नं जी. तुमी माह्या अंगावरचं पानी पुसत होते अन् तुमचा हात थरथर करून राह्यला होता. मले वाटलं उठावं अन् एकेकाच्या थोबाडीत द्यावं. पन मेलेल्या मानसानं कसं उठावं? नाटक खराब झालं असतं.” त्यानं मफलर सोडून पुन्हा बांधला. “तुमाले त्या म्हाताऱ्याले मारावं वाटलं तं मारा. मी नाई म्हनत नाई. पन दगड आमचा काऊन घेतला?”

बाहेर कोणीतरी लहान मुलाला गप्प करत होतं. आता येते, आता येते, पडदा उघडते. सत्यशीलेला बोलायचं होतं की तू निजलेला होतास, उभी मी होते. निजलेल्याला कोण हसतं? पण हे वाक्य तिनं मनात म्हणून पाहिलं आणि ते बारीक निघालं, एखाद्या हट्टी मुलीचं असावं तसं. तिला मुखरूचाही राग आला. सगळे शहाणे झाले होते. खुशाल शहाणा झाला होता, वडील शहाणे होऊन वारले होते, कालचं मढं आज येऊन तिला समजावत होतं. बारा वर्षं तो आवाज एकटीनं सांभाळायचा, आणि आज तो ज्याचा त्याला परत करायची वेळ आली तर मध्ये थंडी आणि लेकरं. तिनं ठरवलं, माघार घ्यायची नाही. इथवर आल्यावर नाही.

तेवढ्यात विद्वांस आले. अंगावर नाटकातली करड्या रंगाची शाल, भुवयांना पांढरा रंग, घोटे सुजलेले म्हणून पाय ओढत, पण चेहरा लहान मुलासारखा उघडा. “ताई! काय प्रेक्षक आहे हो तुमचा! कोणी उठत नाहीये, पाहिलंत? मी चाळीस वर्षं काम करतोय. पडदा पडल्यावर अशी शांतता मी ऐकलेली नाही. पुण्यात आधी चपला शोधतात.” त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गरम होते. ती हात सोडवून घेणार होती, पण मग तिनं तसेच राहू दिले. पाडायला याहून चांगली उंची मिळाली नसती.

“ते वाट पाहत आहेत,” ती म्हणाली.

“कशाची?”

“पुढच्या अंकाची.”

विद्वांसांनी तिच्याकडे पाहिलं. “पुढचा अंक नाही.”

“त्यांना कोणी सांगितलं नाही. इथं नाटक उजाडेपर्यंत चालतं. लोक उजाडल्याशिवाय घरी जाऊ शकत नाहीत. तुमचं नाटक त्यांच्या हिशेबानं आत्ता कुठं सुरू झालंय.”

तिनं प्रत्येक शब्द नीट, वेगवेगळा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून लहान मूल आधी गेलं, मग नट गेला, मग एक म्हातारा उरला. हा तो क्षण होता. तिनं तो इतक्या वेळा मनात पाहिला होता की प्रत्यक्षात तो थोडा वापरलेला वाटला. ते म्हणतील, तुम्ही मला का नाही सांगितलं? मग ती म्हणेल. पण ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “अरेरे. लहान मुलं आहेत हो समोर. माझंच चुकलं, मी विचारायला हवं होतं.” आणि इथं सत्यशीलेला एकदम थकल्यासारखं झालं, कारण तिच्या लक्षात आलं की ज्याला आठवतच नाही त्याचा सूड घेता येत नाही, तो नुसता अपघात होतो. याला आठवण करून द्यावी लागेल. आणि आठवण करून द्यायची म्हणजे ते हसू पुन्हा स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल, याच्यापुढं, कदाचित तो डोळे बारीक करून म्हणेल, हां हां, टायमिंग फार छान होतं तुमचं.

“आपण आधी भेटलो आहोत,” ती तरीही म्हणाली.

“हो ना, लॉजवर,” विद्वांस म्हणाले. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. “ताई, तुम्ही जाता का पुढे? तुम्ही त्यांच्यातल्या. तुमच्या बोलीत जरा समजावून सांगा. ते तुमचं ऐकतील.”

“तुमचंच ऐकतील,” सत्यशीला म्हणाली. “दोन तास ऐकलं की.”

मुखरू काहीतरी बोलायला पुढं झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. त्यानंच मग पडद्याच्या कडेनं वाट करून दिली, आणि अच्युत विद्वांस शाल सावरून पुढं गेले. घोषणांसाठी ठेवलेल्या माइकपाशी उभे राहिले. पाच हजार माणसांत एक हालचाल झाली, उभ्या धानावरून वारा जावा तशी. सासरा आला, सासरा आला. लोक सरसावून बसले. सत्यशीला विंगेत फटीशी आली. आता हसतील. तिची मान गरम झाली, जणू तिलाच हसणार होते.

“रसिकहो,” विद्वांस म्हणाले. आवाज चांगला होता, मागेपर्यंत गेला. “आमचं नाटक इथंच संपतं. त्या सुनेचं पुढे काय झालं, हे आम्ही मुद्दाम सांगितलेलं नाही. ते आम्ही तुमच्यावर सोपवलं आहे.”

पुण्यात हे वाक्य ते प्रयोगानंतरच्या चर्चेत म्हणत असावेत आणि लोक मान डोलवत असावेत. इथं लोकांनी ते ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि सोपवलेलं काम हातात घेतलं.

“सोपोलं म्हन्ता नं जी?” मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. घोंगडी अंगाभोवती, एक हात कमरेवर. “मंग आयका. तिले आमच्या घरी पाठवा. मी ठेवतो तिले. दोन पायल्या धान जास्त लागन, लागू दे.”

“काऊन तुह्या घरी? तिचं घर तेच हाये!” पुरुषांच्या बाजूनं कोणी ओरडलं. “नवऱ्याले हाजीर करा अगुदर! कुठी लपोला त्याले?”

“नवऱ्याले का करतं? तो तं पयालाच. घरात बसून हाकलनारा हा म्हातारा हाये, मुकाट चा पेनारा!”

आता हसू आलं. पण त्या हसण्यात धार होती, आणि पाठोपाठ दहा ठिकाणांहून आवाज उठले, एकात एक मिसळून, बाया, म्हातारे, पोट्टे, कोणी बोट दाखवत, कोणी बसूनच. विद्वांस एका आवाजाकडे वळायचे तोवर दुसरा यायचा. त्यांना शब्द लागत नव्हते, हे सत्यशीलेला त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. ते हसरा चेहरा धरून उभे होते. हसू कशाबद्दल आहे हे न कळणाऱ्या माणसाचं हसू. त्यांचा हात शालीच्या टोकाशी गेला आणि तिथंच चाळवत राहिला. मग त्या गोंगाटातून मनकर्णाबाईंचाच आवाज पुन्हा वर आला, आणि बाकीचे हळूहळू त्याच्यामागं लागून एकच मागणी करायला लागले.

“माफी मागावी म्हना म्हाताऱ्यानं! सुनेची! आत्ता, इथी, समद्यायपुढं! मंगच आमी उठतो!”

“उठत नाई! माफी मागल्याबिगर उठत नाई!”

विद्वांस माइकवर तळवा ठेवून विंगेकडं वळले. भुवयांचा पांढरा रंग घामानं ओघळत होता, थंडीतही. “ताई,” ते म्हणाले, “काय म्हणतायत? काय हवंय त्यांना माझ्याकडून?”

मुखरू तिच्याकडे पाहत होता. पलीकडच्या विंगेत ती पुण्याची पोरगी येऊन उभी राहिली होती, अर्धा रंग पुसलेली, खांद्यावर सत्यशीलेनं दिलेली शाल. ती लोकांना दिसली आणि बायांनी एकच गलका केला. सत्यशीलेला वाटलं, खरं सांगितलं तर हा माणूस लगेच मागेल. छान मागेल. नट आहे. पाय दुखत असूनही गुडघ्यावर बसेल, आवाज कापेल, पाच हजार माणसं रडतील, आणि कोणाची मागितली हे त्याला कधी कळणार नाही. आणि दुसरं काही सांगितलं तर तेही तो खरं मानेल. त्याला विचारायला इथं दुसरं कोणी नव्हतं.

“ताई?” विद्वांस म्हणाले.

सत्यशीला विंगेतून बाहेर आली. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर आला तसे समोरचे लोक दिसेनासे झाले, नुसता त्यांचा श्वास राहिला. कोणीतरी म्हणालं, “सोमाजीची पोरगी होये ना थे?” विद्वांसांनी माइक सोडला आणि ते एक पाऊल बाजूला सरले. सुनेचं काम केलेली मुलगी पडद्यापुढं येऊन थांबली होती. सत्यशीलेनं माइकची दांडी खाली ओढून आपल्या उंचीला आणली, आणि लोक ऐकायला गप्प झाले. “मले,” तिनं सुरुवात केली, “पुन्याले लोक हसले होते.”